रेगेबाई जिवंत बघायच्या

आधी नावं सांगते. नंतर लोक म्हणतात, मी पण होतो, मी पण बघितलं. कोणी नव्हतं. त्या दिवशी दुपारी गावदेवीच्या देवळाच्या पडवीत होतो ते एवढेच. मी चांगुणा. माझा नवरा हिराजी. माझी जाऊ मंजुळा. गावचे बाळारामकाका. पाणी तपासणाऱ्या सरकारी ऑफिसातले एक मोठे साहेब, आणि त्यांच्या बाटल्या उचलायला आलेला एक धाकटा साहेब. आणि कल्याणच्या कॉलेजातल्या रेगेबाई. बस. गावात घरं काय कमी नव्हती. पण ज्यांची पोरं वरच्या कारखान्यांत लागलेली ते आले नाय, आणि ज्यांना लावायची होती ते दार ओढून बसलेले.

यातल्या आज आम्ही दोघी जावा उरलो, आणि मंजुळेला तर सकाळी काय जेवली ते आठवत नाय. म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. नातीला सांगितलंय, गोड करू नको. मला राग हाय तर राग लिही.

रेगेबाईंना बघून कोणी घाबरेल असं काय नव्हतं. बुटक्या, काटकुळ्या, जाड भिंगाचा चष्मा, कॉटनची साडी एका बाजूने वर गेलेली. हातात छत्री बारा महिने. पावसासाठी नाय, टेबलावर आपटायला. डोंबिवलीला दोन खोल्यांत आईबरोबर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. मासे खाणाऱ्या, म्हणून माझी ओळख.

मी तेव्हा डोंबिवलीच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. बाकीची गिऱ्हाईकं येतात ती विचारतात, कसे दिले. बाई पहिल्यांदा आल्या, वाकल्या, बोईटाचा कल्ला बोटाने उचलला आणि विचारलं, “हा कधी मेला?”

मी म्हटलं, “थांबा बाई, त्याच्या घरच्यांना विचारून सांगते.”

बाजूच्या कोळणी खिदळल्या. बाई नाय हसल्या. म्हणाल्या, “विचार. आणि कशाने मेला तेही विचार.”

दुसऱ्या दिवशी परत हजर. आता त्यांना निवट्या पाहिजेत, पण जिवंत. शिंपल्या पाहिजेत, पण तोंड मिटलेल्या. मग एक दिवस पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि म्हणाल्या, “चांगुणा, उद्या यात खाडीचं पाणी आण. भरतीचं. बूच घट्ट लावू नकोस, आतल्यांना श्वास लागतो.”

“आतल्यांना? पाण्यात काय नाय बाई, नुसतं पाणी.”

“नुसतं पाणी असतं तर तुझे मासे काय खाऊन वाढले? हवा?”

तेव्हापासून मी बाजारात चिडवायची गोष्ट झाले. “चांगुणे, मासळी संपली काय गो, आता पानी विकतेस?” बोलूदेत म्हटलं. आठवड्याला एक बाटली मी कॉलेजात नेऊन द्यायची.

कॉलेजात म्हात्रे नावाचा शिपाई होता, आमच्यातलाच, पण पॅन्ट घातल्यापासून त्याला आमचा वास यायला लागलेला. मला बघून म्हणाला, “मावशे, पाटी बाहेर ठेव. आत सायन्स हाय.” आतून छत्री आपटल्याचा आवाज आला. “म्हात्रे, पाटी आत येईल. तुम्हाला वास येत असेल तर तुम्ही बाहेर जा.”

त्या खोलीत भिंतीभर बरण्या. त्यात साप, बेडूक, मासे, सगळे पांढरेफटक, औषधात बुडवलेले. बाईंना त्या बरण्यांचा भारी राग. जो माणूस बघून न बघितल्यासारखं करतो, ऐकून ढिम्म राहतो, त्याला बाई म्हणायच्या, “हा बरणीतला.” त्यांचे मोठे सर बरणीतले. युनिव्हर्सिटीतले बरणीतले. त्यांच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी पण बरणीतला. एकदा मला म्हणाल्या, “तुझा तो बाळारामकाका कसा आहे गं?” मी म्हटलं, “अजून औषधात नाय पडला, पण काठावर हाय.” तेव्हा हसल्या. बाई हसल्याचं मला फार थोडं आठवतं.

मायक्रोस्कोपला आम्ही दुर्बीण म्हणायचो. बाई म्हणायच्या, “अगं, दुर्बीण लांबचं बघते, ही जवळचं.” पण तोंडात बसलं ते बसलं. बाईंची दुर्बीण जुनी, लोखंडी, एका नळीची, खाली आरसा. त्यांनी माझ्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला, आरसा खिडकीकडे वळवला आणि म्हणाल्या, बघ. मी एक डोळा मिटून बघितलं. पांढरा उजेड. बाकी काय नाय.

“बाई, पाणीच तर हाय.”

“एक डोळा मिटू नकोस. मिटला की तो दमतो, मग दुसराही दमतो. दोन्ही उघडे ठेव. एकाने बघ, दुसऱ्याला सांग गप्प बस.”

दोन्ही उघडून बघितलं. तरी काय नाय. तेव्हा बाईंनी सांगितलं की हे जीव पाण्यासारखेच असतात, आरपार. उजेड त्यांच्यातून सरळ निघून जातो. म्हणून कॉलेजात काय करतात, त्यांना आधी मारतात, मग जांभळा नायतर लाल रंग लावतात. रंग लावल्याशिवाय दिसत नाय आणि रंग लावला की जगत नाय. “मेलेलं काय,” बाई म्हणाल्या, “मेलेलं सगळ्यांनाच दिसतं.” बाईंचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर भांडण्यात गेलं.

मग त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. तेव्हा त्या मखमली, चिकटवायच्या टिकल्या नवीन निघालेल्या. सगळ्यात मोठी काळी टिकली सोलली आणि दुर्बिणीच्या पोटात, उजेड वर येतो तिथे एक गोल काच होती, तिच्या बरोबर मधोमध चिकटवली. म्हणाल्या, “आता बघ.”

मी बघितलं आणि मागे सरकले. सगळं काळं झालेलं. आणि त्या काळ्यात ते चमकत होते. काळोखात वल्हं मारलं की खाडीचं पाणी पेटतं ना, तसं. एक बारकं कोळंबीचं पिल्लू, केसाएवढं, काचेचं. त्याचे पाय झपझप चाललेले. त्याच्या आत काहीतरी टुक टुक करत होतं.

“ते काय टुकटुकतं?”

“काळीज,” बाई म्हणाल्या.

माझ्या सासूने, तिच्या सासूने, आम्ही सगळ्यांनी जन्मभर कोळंबी सोलली. काळीज कुणी बघितलेलं?

बाईंनी सांगितलं ते सोपं होतं. समोरून उजेड डोळ्यात आला की उजेडच दिसतो, बाकी काय दिसत नाय. मधला उजेड टिकलीने अडवला. आता बाजूने तिरका जातो तेवढाच उजेड राहिला, आणि तो ज्याला धडकतो तेवढंच चमकतं. मी म्हटलं, सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा पाण्यात जवळा दिसतो आणि डोक्यावर ऊन आलं की दिसत नाय, तसंच ना? म्हणाल्या, “तसंच. मग तुला शिकवायला मी पगार कशाला घेते?”

त्या टिकल्यांवरून कॉलेजात काय काय बोलायचे. कपाळ मोकळं आणि पर्समध्ये टिकल्या, कुणासाठी लावते कोण जाणे. हे सगळं शिकलेले लोक बोलायचे हां, एमेस्सी झालेले. म्हात्रेने मला विचारलं तेव्हा मी पाटी उचलून चालू लागले. पण एकदा मोठ्या सरांच्या खोलीत एका प्रोफेसरीणबाईने तोंडावर विचारलं. रेगेबाई म्हणाल्या, “आहे ना नवरा. लोखंडाचा आहे, एका डोळ्याचा, आणि मी सांगेन तिकडे बघतो. तुमचा बघतो का?”

आता कपाटातल्या मशीनची गोष्ट.

सरकारने कॉलेजला एक मोठं यंत्र दिलेलं. परदेशी. त्यात टिकलीची गरज नाय, आतच सगळी सोय. जिवंत जीव, न मारता, न रंगवता, आतलं सगळं दाखवणारं. ते मोठ्या सरांनी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि चावी जानव्याला बांधली. कशाला? तर खराब होईल. वरून इन्स्पेक्शन आलं की बाहेर काढायचं, फडक्याने पुसायचं, परत आत. आणि वर्षातून एकदा खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी हत्यारं, मशिनी पुजतात, तसं त्यालाही टेबलावर ठेवून झेंडूचा हार घालायचे आणि हळदकुंकू वाहायचे. हळदकुंकू! भिंगावर!

त्या खंडेनवमीला मी झेंडू घेऊन गेलेली. बाईंनीच मागवलेला, आणि सांगितलेलं, फुलांच्या खाली चार शिंपल्या आण. पूजा झाली. मोठे सर पेढे वाटायला दुसऱ्या खोलीत गेले. बाईंनी दार लोटलं, हार बाजूला केला, पदराने भिंगावरचं कुंकू पुसलं, शिंपली उघडून कल्ल्याचा नखाएवढा तुकडा काचेवर ठेवला आणि दिवा लावला. स्वतः बघितलं. किती वेळ बघत होत्या. मग उठल्या आणि मला बसवलं.

भाताचं शेत वाऱ्यावर कसं एका अंगाने लवतं, परत उठतं, परत लवतं. तसं त्या शिंपलीच्या कल्ल्यावर बारीक लव हलत होती. प्रत्येक केस वेगळा दिसत होता. शिंपली अशीच पाणी ओढते, बाई म्हणाल्या. दिवसरात्र. मग सांगितलं, “बघ चांगुणा, उजेड या जिवातून जाताना जरा दमतो. मागे राहतो. आपल्या डोळ्याला उजेड कमी झालेला कळतो, जास्त झालेला कळतो, रंग कळतो. मागे राहिलेला कळत नाही. हे यंत्र मागे राहिलेल्याला पकडतं आणि काळा करून दाखवतं.”

“म्हंजे दमलेला दिसतो.”

“दमलेला दिसतो. आमच्या मोठ्या सरांना नाही दिसत, यंत्राला दिसतो.”

आणि मोठे सर दारात उभे. हातात पेढ्यांचं तबक. म्हणाले, “रेगेबाई! अहो, आज पूजेतल्या वस्तूला हात लावतात का? आणि या... या कोण?”

“या मासळीवाल्या. आणि सर, हत्यार पुजतात ते उद्या चालवायचं म्हणून. तुम्ही प्रेताला हार घालताय.”

सरांचा पेढा खाली पडला. कुलूप परत लागलं. त्यानंतर बाईंनी त्या यंत्रातून कधी बघितलं नाय. त्यांना बघू दिलं नाय.

हे सगळं चाललेलं तेव्हाच आमची खाडी मरत होती. आधी कालवं गेली. मग निवट्या. मग एका भरतीला बोईट काठाला लागले, पोट वर करून, इतके की गावात वासाने जेवण उतरेना. वरच्या कारखान्यांचा नाला आमच्या गावाच्या वरच्या अंगाला खाडीत पडतो. कधी पाणी लाल यायचं, कधी हिरवं. लाल-हिरवं दिसलं की अर्ज करायचे. पण बाई म्हणायच्या, “रंगाचं पाणी सोपं, ते दिसतं. आरपार पाणी येतं त्या दिवशी सांभाळा.” कारण सगळ्यात जास्त पिल्लं साफ दिसणाऱ्या पाण्याने मरायची. बाई दर आठवड्याला बघायच्या ना. काळ्या पडद्यावर चमकायची तशीच, पण हलायची नाय.

गावाने अर्ज केला. ऑफिसची माणसं आली. दोन बाटल्या भरल्या, एक नाल्याच्या वरून, एक खालून. मग धाकट्या साहेबाने खिशातून बारकी शिशी काढली आणि दोन्हींत काहीतरी ओतलं. वास आला. तोच, बरण्यांचा. बाई तेव्हा हजर होत्या, त्या अक्षरशः धावल्या. “काय टाकलंत? फॉर्मेलिन? अहो, तुम्ही मारलंत त्यांना! आता मेलेत की नाही हे कसं बघणार?”

“मॅडम, नमुना टिकायला पाहिजे. नियम आहे.”

“मयताचा पंचनामा करायला आलात आणि घरात जिवंत होते त्यांचेही गळे दाबलेत. आता म्हणणार, सगळे सारखेच दिसतात!”

आणि तसंच झालं. रिपोर्ट आला. दोन्ही बाटल्यांत सारखेच जीव, सारख्याच जातींचे, सारखेच भरपूर. म्हंजे खाडी ठणठणीत. मेलेले मोजले त्यांनी. डोकी मोजली, नाडी नाय बघितली. आमच्या गावाचा निकाल या शिशीने लावला. कुणाला पैसे चारले, कुणी दाबलं, ते मला माहीत नाय आणि मी बोलत नाय. त्या धाकट्या साहेबाच्या डोळ्यांत मला लबाडी दिसली नाय. त्याला तसंच शिकवलेलं, हे जास्त वाईट.

बाई हटल्या नाय. ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. छत्री किती टेबलांवर आपटली देव जाणे. शेवटी मोठे साहेब म्हणाले, ठीक आहे, मी स्वतः येतो, मला जिवंत दाखवा. एकदाच.

म्हणून त्या दिवशी पडवीत आम्ही जमलो.

बाईंनी कपाटातलं यंत्र मागितलं. मोठे सर म्हणाले, “चिखलात नेता? माझी पेन्शन जाईल.” मग बाई आपली लोखंडी दुर्बीण साडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन आल्या. घोडबंदरच्या बाजूला माझं माहेर. तिथे समुद्र जवळ, तिथली खाडी तेव्हा चांगली होती. माझा भाऊ पहाटेच तिथलं पाणी मडक्यात देऊन गेलेला, त्यात कोळंबीची जिवंत पिल्लं. बाईंनी मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या, आजारी माणसाच्या अंगावर ठेवतात तसा. साहेब सकाळी येणार होते. आले जेवण करून.

बाईंनी पिल्लं काचेवर घेतली, आरसा उन्हाकडे वळवला आणि टिकली लावायला गेल्या. खाडीवरचा वारा, घामेजलेली बोटं, टिकली चिकटेना. उडाली. दुसरी काढली, तिचा गोंद धुळीने गेलेला. पाकीट संपलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. बाईंचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. छत्री कोपऱ्यात पडलेली आणि हात रिकामे.

मी माझ्या कपाळाला हात लावला. माझी लाल, मोठी होती.

“बाई, लाल चालते?”

“रंग कुठलाही असूदे. उजेड अडला पाहिजे.”

बाळारामकाका ओरडले, “ए चांगुणे! धनी समोर बसलाय आनि कपाल उघडं करतेस?” मंजुळेने माझा हात धरला. म्हणाली, “नको गो बाय, अशुभ.” मी हिराजीकडे बघितलं. तो जाळं विणत बसावं तसा मांडी घालून बसलेला. म्हणाला, “दे गो. मी जित्ता हाय ना अजून? ते मरतात त्याचं बग आधी.”

दिली. चिकटली. माझ्या कपाळाचा घाम होता तिला, तरी चिकटली.

साहेब बसले. एक डोळा मिटला.

“साहेब, दोन्ही उघडे ठेवा.”

“सवय नाही मॅडम.” मग थोड्या वेळाने त्यांचा आवाज बदलला. “अरे वा! हे हलतंय की! केवढं सुंदर आहे हो!”

“हे घोडबंदरच्या बाजूचं. आता बघत राहा. डोळा काढू नका.” बाईंनी आमच्या खाडीचं, नाल्याखालचं पाणी घेतलं. आरपार, साफ दिसणारं. त्याचा एक थेंब त्या काचेच्या एका कडेला ठेवला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला. कागद ओढतो तसं आमचं पाणी हळूहळू त्या पिल्लांपर्यंत जातं. आम्हाला वरून काहीच दिसत नव्हतं. आम्ही साहेबांच्या पाठीकडे बघत होतो.

साहेब बघत होते. बघत होते. मग डोकं वर केलं आणि दुर्बिणीला बोटाने टिचकी मारली.

“थांबलं की. मशीन बंद पडली का?”

मी आजही कधीकधी भाकरी थापताना थांबते आणि मला ते ऐकू येतं. मशीन बंद पडली का. शिकलेला माणूस. गाडीतून आलेला माणूस.

बाई खूप हळू म्हणाल्या, “मशीन चालू आहे साहेब. यात बंद पडायला काही नाहीच, आरसा आणि टिकली आहे. खाडी बंद पडली.”

साहेबांना कळलं. नाय कळलं असं मी म्हणणार नाय. त्यांचं तोंड उतरलं, मी बघितलं. पाणी प्यायले. आमच्या घरचं. मग चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, पण हे मी फाइलला कसं लावू? याची कायमची स्लाइड करून मिळेल का? रंगवलेली?”

“रंगवली की दोन्ही मेलेली दिसतील.”

“तेच ना. मग पुरावा काय?”

“तुम्ही! तुम्ही बघितलंत ना? तुम्ही पुरावा!”

“माझं बघणं नोंदीत येत नाही मॅडम.”

बाईंनी छत्री उचलली. मला वाटलं आपटणार. नाय आपटली. ती काखेत धरली आणि दुर्बीण साडीत गुंडाळायला लागल्या. साहेबांचा रिपोर्ट नंतर आला, प्रत्यक्ष पाहणीत नमुन्यात जीव आढळले. खोटं एक अक्षर नाय. आढळले तर होतेच.

मग कॉलेजात तक्रार गेली की बाई गावात जाऊन लोकांना भडकवतात. त्यांची प्रॅक्टिकलं काढून घेतली. खडू आणि फळा दिला. जन्मभर जिवंत बघणाऱ्या बाईला फळ्यावर कोळंबीचं चित्र काढायला लावलं. काढायच्या. पण चित्रात काळजाच्या जागी बाण काढून लिहायच्या, हे हलते. पोरं हसायची म्हणे.

आमची होडी वाळूवर पडली ती पडलीच. ज्या घोडबंदरला मी लहानपणी मिठागरांतून चालत जायची, तिकडे टॉवर उठायला लागले आणि हिराजी तिथे वॉचमन लागला. जाळं विणणारी बोटं शिट्टी धरून बसली. पुढे तो तापाने गेला. चार दिवसांत.

आणि गाव म्हणालं, चांगुणेने कपाळ उघडं केलं. देवळात, धन्यासमोर, परक्या साहेबासमोर. म्हणून.

पाण्याने मासे मेले ते कुणाला दिसलं नाय. किती दाखवलं, कसं दाखवलं, नाय दिसलं. टिकलीने नवरा मेला ते सगळ्या गावाला दिसलं. त्याला दुर्बीण लागली नाय.

मी रडले नाय. मला पाटी उचलायची होती. खाडीची मासळी नव्हती, मग ट्रकने येणारी, बर्फातली विकली. बाई यायच्या बाजारात. कल्ला उचलायच्या, कधी मेला ते विचारायच्या नाय आता. एकदा मीच म्हटलं, “विचारा की बाई.” म्हणाल्या, “चांगुणा, ट्रकला काय विचारायचं?”

शेवटचं भेटले ती त्यांच्या घरी. रिटायर झालेल्या, आई गेलेली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं. मी खाडीचं पाणी घेऊन गेलेली, जुन्या सवयीने, बूच सैल लावून. खिडकीत ती लोखंडी दुर्बीण. मी वाकून खाली बघितलं. माझी लाल टिकली तिथेच होती. कडेने विटलेली.

“अजून काढली नाय?”

“का काढू? काम करते आहे.” मग थेंब काचेवर टाकला. “तू बघ. माझा एकच चालतो आता. दुसरा नुसता उघडा ठेवते.”

मी बसले. दोन्ही डोळे उघडे ठेवले. एकाने बघितलं, दुसऱ्याला म्हटलं गप्प बस. काळं. नुसतं काळं. कुठे एखादा कण चमकायचा, पण तो धुळीचा. मी काच सरकवत राहिले.

दुसरा डोळा गप्प बसला नाय. त्याला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. दारात बाई उभ्या होत्या. एका हातात गाळणं, चहा तसाच उकळतोय, साडी एका बाजूने वर गेलेली. माझ्या पाठीकडे बघत होत्या, आम्ही त्या दिवशी साहेबांच्या पाठीकडे बघत होतो तसंच. एका डोळ्यात काळोख आणि दुसऱ्यात बाई. दोन्ही एकदमच दिसत होतं.

“हललं का काही?”

“नाय बाई.”

“बघत राहा,” म्हणाल्या, आणि चहा गाळायला आत वळल्या.

त्यानंतर त्या गेल्याचंच कळलं. त्यांचा भाचा दुर्बीण घेऊन माझ्या दारात आला. बाईंनी सांगून ठेवलेलं, ही चांगुणाची. माझे दोन्ही डोळे आता धूसर झालेत. बाटली भरून आणते पण मला दिसत नाय, आणि नात म्हणते तिला कळत नाय.

तर हे जो कोणी वाचील त्याला एवढंच सांगणं. तुमच्या शाळेत, कॉलेजात कोणी जिवंत पाणी बघणार असेल तर येऊन ही दुर्बीण घेऊन जा. पैसे नकोत. फक्त कपाटात ठेवू नका, हार घालू नका. आमच्या खाडीचं पाणी घ्या, त्यात काही टाकू नका, आणि लगेच बघा. काही हललं तर मला येऊन सांगा. आणि ती टिकली काढू नका.